मोकळ्या लाइनींचा हिशेब

1908 नंतरच्या काळात कोपनहेगनच्या रस्त्यांवर अधूनमधून एक जोडी दिसे. पुढे तिशीतला एक अबोल गृहस्थ आणि मागे खांद्यावर शिडी घेतलेला कामगार. ठरलेल्या जागी पोचले की मॅनहोलचं झाकण निघायचं, शिडी आत सोडली जायची आणि तो गृहस्थ स्वतः खाली उतरायचा. खाली टेलिफोनच्या केबली होत्या. त्या काळी विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जाताना थोडा जमिनीत पाझरे, वाटेत भेटलेल्या केबलीत शिरे आणि तिचं शिशाचं आवरण हळूहळू कुरतडत जाई. असे भरकटलेले प्रवाह मोजणं हा या गृहस्थाच्या कामाचा भाग होता. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेचा तो प्रमुख होता, पण सुरुवातीला त्या प्रयोगशाळेत त्याच्या हाताखाली कोणी नव्हतंच. मोजमाप, आकडेमोड, अहवाल, सगळं त्याचं त्यालाच करावं लागे.

आग्नेर क्रारूप एर्लांग हे त्याचं नाव. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत तो जवळजवळ वीस वर्षं नोकरीला होता आणि नोकरीत असतानाच गेला. आज जगात कुठेही टेलिफोनची यंत्रणा उभी करायची तर तिच्यावर पडणारा बोलण्याचा भार त्याच्याच आडनावाने मोजतात. एक लाइन तासभर सलग गुंतलेली राहिली तर तो भार एक एर्लांग. त्याच्या गणितावर पुस्तकं पुष्कळ निघाली, माणसावर त्या मानाने थोडं लिहिलं गेलं. पण ते गणित त्याला सुचलं ते नोकरीतच, कंपनीच्या रोजच्या अडचणी सोडवताना. म्हणून ती नोकरी नीट पाहायला हवी.

त्याचा जन्म 1 जानेवारी 1878 चा, डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लोनबोर्ग गावचा. वडील गावच्या शाळेचे मास्तर आणि चर्चचे कारकून. आईचं घराणं धर्मोपदेशकांचं; त्या बाजूने वंशावळ थेट थॉमस फिंकेपर्यंत पोचते. 1583 च्या आपल्या ग्रंथात ‘टॅन्जंट’ आणि ‘सीकंट’ ही नावं रूढ करणारा गणिती तो हाच. आपल्याकडची मुलं दहावीत टॅन आणि सेक म्हणून ज्यांची सूत्रं पाठ करतात, ती ही. घरात थोरला भाऊ आणि दोन बहिणी. संध्याकाळी दोघे भाऊ एकच पुस्तक मध्ये ठेवून समोरासमोर बसत. थोरला सुलट वाचायचा आणि हा उलट बाजूने, अक्षरं डोक्यावर उभी असताना. हा त्याचा आवडता खेळ होता. आकाशातल्या ताऱ्यांचं वेड होतं, खगोलावर कविताही करायचा.

चौदाव्या वर्षी त्याने कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा दिली. वय कमी पडत होतं, म्हणून खास परवानगी काढावी लागली. विशेष गुणवत्तेने पास होऊन तो गावी परतला आणि दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवत राहिला. 1896 मध्ये विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, मग शिष्यवृत्ती, मग ‘रेगेन्सन’ या जुन्या विद्यार्थिगृहात फुकट राहण्याची सोय. मास्तराच्या पगारात मुलाला राजधानीत ठेवणं सोपं नव्हतं. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांच्या आधारावरच शिक्षण झालं. 1901 मध्ये गणितात एम.ए., सोबत खगोलशास्त्र, पदार्थविज्ञान आणि रसायन. त्यानंतर सात वर्षं निरनिराळ्या शाळांतून मास्तरकी. शिकवणं त्याला जमायचं, पण चारचौघांत मिसळणं हा त्याचा पिंड नव्हता. नेमाने जाण्याची जागा एकच, डॅनिश गणित मंडळाच्या बैठका.

तिथेच त्याची गाठ योहान येन्सेनशी पडली. विश्लेषणाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ‘येन्सेनची असमानता’ माहीत असते. 1906 च्या त्याच्या निबंधातून ती पुढे आली. पण हा येन्सेन कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. 1881 मध्ये तो टेलिफोन कंपनीत साधा मदतनीस म्हणून लागला, 1890 मध्ये तांत्रिक विभागाचा प्रमुख झाला आणि 1924 पर्यंत तिथेच राहिला. गणित बहुतेक स्वतःच शिकला आणि फुरसतीच्या वेळात केलं. त्या कंपनीचा कारभार पाहणारा योहान्सन हाही वेगळाच माणूस होता. ग्राहकाला किती वेळ थांबावं लागतं, नंबर किती वेळा ‘बिझी’ मिळतो, या प्रश्नांना संभाव्यतेचं गणित लावता येईल असं त्याला वाटत होतं, आणि तो स्वतः त्यावर लिहीतही होता. आपलं गणित पुरेसं नाही हे ओळखून अधिक जाणकार माणूस नोकरीत घेणारा व्यवस्थापक तेव्हाही विरळाच होता. येन्सेनने एर्लांगची ओळख करून दिली आणि 1908 मध्ये मास्तर टेलिफोन कंपनीत दाखल झाला.

त्या वेळच्या एक्स्चेंजमध्ये काम कसं चाले ते डोळ्यांपुढे आणलं तरच त्याच्यापुढचा प्रश्न कळतो. ग्राहकाने यंत्राची मूठ फिरवली की एक्स्चेंजच्या बोर्डावर त्याच्या क्रमांकाची बारकी झडप पडायची. समोर बसलेली मुलगी दोरीचं एक टोक त्या भोकात खोचून नंबर विचारायची. मग दोरीचं दुसरं टोक मागितलेल्या नंबराच्या भोकाच्या कडेला नुसतं टेकवायची. कानावरच्या यंत्रात ‘कट्’ असा आवाज आला तर तो माणूस दुसऱ्या कुणाशी बोलतोय. नाही आला तर टोक आत, आणि घंटी. बोलणं संपलं की दोन्ही टोकं ओढून घ्यायची. एका मुलीपुढे दोऱ्यांच्या जोड्या मोजक्या, तिचे हात दोन, आणि एका एक्स्चेंजमधून दुसऱ्याकडे जाणाऱ्या लाइनीही मोजक्याच. सगळ्या दोऱ्या गुंतल्या की नवी झडप पडून नुसती वाट बघत राहायची.

आता कंपनीने किती मुली बसवायच्या आणि गावाबाहेर जाणाऱ्या लाइनी किती टाकायच्या? जास्त टाकल्या तर तांब्याचा खर्च, कमी टाकल्या तर ग्राहकांचा संताप. तोवर हे अनुभवाच्या अंदाजाने चाले. तक्रारी वाढल्या की एक लाइन वाढवायची, हिशेबनीस कुरकुरला की थांबायचं.

1909 मध्ये, नोकरीला लागून फार दिवस झालेले नसताना, एर्लांगने ‘संभाव्यतेचं गणित आणि टेलिफोनवरची संभाषणं’ हा निबंध एका डॅनिश गणित नियतकालिकात छापला. त्याचा पहिला मुद्दा असा : शेकडो ग्राहक एकमेकांना न विचारता, आपापल्या निमित्ताने फोन उचलतात. कोणाची गाय व्याली असेल, कोणाला मालाचा भाव हवा असेल. प्रत्येकाचं कारण वेगळं, पण सगळ्यांचे कॉल एकत्र पाहिले तर त्यांत एक शिस्त दिसते, आणि ती फ्रेंच गणिती प्वासाँने पूर्वी काढलेल्या सूत्राप्रमाणेच असते.

ही शिस्त कशी असते ते एका उदाहरणात पाहू. एका एक्स्चेंजवर तासाला सरासरी 60 कॉल येतात असं धरा, म्हणजे मिनिटाला एक. आपलं मन लगेच मिनिटामिनिटाला एकेक कॉल येतोय असं चित्र काढतं. प्रत्यक्षात त्या साठ मिनिटांपैकी सुमारे 22 मिनिटं एकही कॉल येत नाही. साधारण तितक्याच मिनिटांत एक येतो. अकराएक मिनिटांत दोन, तीन-चार मिनिटांत तीन, आणि एखाद्या मिनिटात चार किंवा त्याहून जास्त. त्या एका मिनिटात बोर्डावरच्या मुलीची तारांबळ उडते, ग्राहक खवळतात आणि वरिष्ठ विचारतात, आत्ता पाच मिनिटांपूर्वी तर तू रिकामी बसली होतीस! तिची चूक काहीच नसते. गर्दी आणि रिकामेपण दोन्ही एकाच सरासरीच्या पोटात असतात. हे एर्लांगने गणिताने दाखवून दिलं. बोर्डावर बसणाऱ्या मुलींच्या बाजूने इतका भक्कम पुरावा त्याआधी कुणी मांडला असेल असं मला वाटत नाही. त्याने तो त्यांची वकिली म्हणून मांडला नव्हता, पण झाली ती वकिलीच.

मधली आठ वर्षं तो मॅनहोलमध्ये उतरत होता, मोजमापाची उपकरणं सुधारत होता, लॉगॅरिथमची कोष्टकं तयार करत होता. याच काळात टेलिफोनच्या जगात मोठा बदल होऊ घातला होता. कॅन्सस सिटीतला अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक आल्मन स्ट्रोजर याने 1891 मध्ये आपोआप जोडणी करणाऱ्या स्विचचं पेटंट मिळवलं, आणि 1892 मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावी पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ही यंत्रं मोठ्या शहरांकडे सरकू लागली. त्यांच्यामुळे प्रश्नाचं स्वरूपच बदललं. बोर्डावरची मुलगी ‘जरा थांबा’ म्हणू शकत होती. यंत्राला तशी सोय नव्हती. सगळे मार्ग गुंतलेले असले की कॉल तिथल्या तिथे तुटायचा. अशा किती कॉलांचा बळी जाईल, हे यंत्र विकत घेण्याआधी कळायला हवं होतं, कारण लोखंड-पितळेचं ते धूड एकदा बसवलं की दोन मुली जास्त बसवण्याइतकं सोपं काही उरत नव्हतं.

1917 च्या निबंधात एर्लांगने याचं उत्तर दिलं. शीर्षक लांबलचक आहे, स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजच्या दृष्टीने महत्त्वाच्या संभाव्यतेच्या काही प्रश्नांची उकल, अशा अर्थाचं. आतली कल्पना मात्र फार सरळ आहे. कोणत्याही क्षणी काही लाइनी गुंतलेल्या असतात. नवा कॉल आला की त्यांत एक वाढते, एखादं बोलणं संपलं की एक कमी होते. दीर्घ काळ पाहिलं तर तीनवरून चारवर जाण्याचे प्रसंग आणि चारवरून तीनवर येण्याचे प्रसंग सारखेच असणार. नाहीतर आकडा एकाच दिशेला सरकत गेला असता. या समतोलाची समीकरणं त्याने एकेक करून मांडली आणि सगळ्याच लाइनी गुंतलेल्या असण्याची शक्यता किती, याचं सूत्र हाती आलं. कॉल तुटून जातो अशा यंत्रणेसाठी एक, आणि कॉल रांगेत थांबतो अशा यंत्रणेसाठी दुसरं. इंजिनिअर त्यांना आजही एर्लांग-बी आणि एर्लांग-सी म्हणतात.

सूत्र इथे लिहीत नाही, पण ते चालवून काय मिळतं ते सांगायलाच हवं. समजा एका मार्गावर तासाला 100 कॉल येतात आणि प्रत्येक सरासरी 3 मिनिटं चालतो. एकूण बोलणं 300 मिनिटांचं, म्हणजे 5 तासांचं, म्हणजे 5 एर्लांग. अगदी काटेकोर काटकसर करणारा म्हणेल, पाच लाइनी टाका, बरोबर भरतील. टाकल्या तर शंभरातले सुमारे 28 कॉल तुटतात. आठ टाकल्या तर 7. दहा टाकल्या तर दोनाहून थोडे कमी. अकरा टाकल्या तर एकाहूनही कमी. म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना पहिल्या झटक्यात लाइन मिळावी असं वाटत असेल, तर सरासरी गरजेच्या दुपटीहून जास्त लाइनी लागतात.

आणि याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. अशीच दहा छोटी गावं आहेत, प्रत्येकाच्या स्वतंत्र अकरा लाइनी. एकूण 110. त्या सगळ्यांची वाहतूक एकाच सामाईक मार्गावर आणली, तर 50 एर्लांगसाठी तितकीच चांगली सेवा द्यायला 64 लाइनी पुरतात. एका गावात शुकशुकाट असताना दुसऱ्या गावाला त्याच्या लाइनी वापरता येतात, म्हणून. भोवतालच्या गावांची वाहतूक एका मोठ्या ट्रंक एक्स्चेंजवर आणून सोडायची ही रचना पुढे सगळ्या जगात रूढ झाली. ती किती फायद्याची, हे या सूत्राने आकड्यांत दाखवता येऊ लागलं.

आपल्याकडे मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं 1882 मध्ये, म्हणजे कोपनहेगनच्या बरोबरीनेच म्हणायला हवं. पण इथला सामान्य माणूस टेलिफोनशी ओळखीचा झाला तो पुष्कळ पुढे, आणि तोही बहुतेक वाट पाहण्यातूनच. पोस्टात जाऊन ट्रंक कॉल ‘बुक’ करायचा आणि बाकावर बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते. पैसे जास्त, तसा नंबर आधी. कोणाच्या घरी कोणी अत्यवस्थ असलं की अर्जंट लावायचा, हे त्या पिढीला सांगावं लागत नाही. एर्लांगच्या दृष्टीने पाहिलं तर ही रांग त्याच्या दुसऱ्या सूत्राची आहे, आणि त्यातलं एक सत्य कटू आहे : लाइनी तेवढ्याच ठेवून फक्त क्रम बदलला, तर अर्जंटवाल्याची वाचलेली वाट ऑर्डिनरीवाल्याच्या वाट्याला जाते. एकूण थांबणं तेवढंच राहतं. ते कमी करायचं तर लाइनीच वाढवायला हव्यात. 1960 मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि ती हळूहळू पसरत गेली, तशी मधली बुकिंगची खिडकी नाहीशी होत गेली. मग लोकांना नवं वाक्य पाठ झालं, ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं’. ही पहिल्या सूत्राची अवस्था. त्या बाईंचा शांत आवाज ऐकताना आपण शंभरातल्या त्या 28 जणांमध्ये आहोत, आणि कुठेतरी कोणीतरी अकराऐवजी पाचच लाइनी टाकल्या आहेत, हे आपल्याला ठाऊक नव्हतं. आपण ते नशिबावर किंवा एक्स्चेंजमधल्या माणसावर घालत होतो.

दुसऱ्या सूत्राकडे मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण त्याचा संबंध टेलिफोनपेक्षा कितीतरी जास्त गोष्टींशी आहे. तेच मघाचे आकडे घेऊ : तासाला 100 कॉल, प्रत्येकी 3 मिनिटं. फरक इतकाच, की आता कॉल तुटत नाहीत, माणसं थांबतात. उत्तर द्यायला पाचजणी बसवल्या तर रांग वाढतच जाते, तिला अंतच नाही. सहा बसवल्या तर सरासरी पावणेदोन मिनिटं थांबावं लागतं. सात बसवल्या तर अर्ध्या मिनिटाच्या आत. आठ बसवल्या तर दहा सेकंद. एक माणूस वाढवला आणि वाट जवळपास चौपटीने कमी झाली! पण या सातजणींपैकी प्रत्येकीच्या वेळाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग मोकळा जातो. तपासणीला आलेला साहेब नेमका तो मोकळा वेळ पाहतो आणि एक जागा कमी करायचा शेरा मारतो. त्या शेऱ्याने रांगेतल्या शंभर माणसांचा वेळ चौपट जातो हे त्याच्या वहीत कुठेच उमटत नाही.

सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी, तहसील कार्यालयातलं दाखल्यांचं टेबल, लोकलचं तिकीटघर, सगळीकडे हाच हिशेब आहे. मंजूर पदं भरलेली नसतात, आहेत ती माणसं दिवसभर मान वर न करता काम करतात, आणि तरी रांग दारापर्यंत गेलेली असते. त्या रांगेत दिवसाची मजुरी बुडवून उभा असलेला माणूस खिडकीतल्या माणसावर ओरडतो, खिडकीतला त्याच्यावर. दोघेही दमलेले आणि दोघेही निर्दोष. खिडकीमागे थोडी सवड शिल्लक ठेवणं हा सेवेचाच भाग आहे, तो खर्च समजूनउमजून करायचा असतो, हे 1917 पासून आकड्यांत मांडून ठेवलेलं आहे. शंभर वर्षांनंतरही आपल्या अंदाजपत्रकांत ते पोचू नये याचा मला राग येतो.

एर्लांगला स्वतःला कोणाची वाट अडवणं जमत नसावं. त्याने लग्न केलं नाही. पगाराचा मोठा भाग पुस्तकांवर जाई. गणित, खगोलशास्त्र, पदार्थविज्ञान यांचा मोठा संग्रह त्याच्याकडे होता. पण हेही नोंदलेलं आहे, की अडलेनडलेले लोक त्याला शोधत थेट प्रयोगशाळेत येत आणि तो त्यांना कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने पैसे देई. कंपनीतल्या लोकांशी बोलायचा ते मोजकं आणि मृदू. लिहायचाही तसंच. त्याचे निबंध इतके आटोपशीर आहेत, की पुष्कळदा सिद्धता देण्याऐवजी तो फक्त निष्कर्ष मांडून पुढे जातो. पुढच्या गणितींना ती मधली जागा भरायला बराच काळ लागला. बी-सूत्र बोलण्याच्या लांबीच्या कोणत्याही वाटणीला लागू पडतं, फक्त सरासरी लांबी माहीत हवी, याची पूर्ण सिद्धता यायला तर 1950 चं दशक उजाडलं.

त्याने हे सगळं खुलेपणाने छापलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कंपनीच्या पगारावर, कंपनीच्या गरजेतून निघालेलं ज्ञान होतं; ते तिजोरीत ठेवता आलं असतं. योहान्सनने आणि त्याने ते ठेवलं नाही. निबंध डॅनिश भाषेत निघाले आणि मग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन भाषांत गेले. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने लाइनी किती टाकायच्या ते ठरवायला त्याचंच सूत्र स्वीकारलं. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतला एक संशोधक निव्वळ एर्लांगचे निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकला, असं सांगतात.

जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाने तो कधी घरी राहिला नाही. जानेवारी 1929 मध्ये पोटाचं दुखणं उद्भवलं, शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात नेलं आणि रविवारी, 3 फेब्रुवारीला तो गेला. वय एक्कावन्न.

1946 मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने वाहतुकीच्या एककाला त्याचं नाव दिलं. दोन वर्षांनी त्याचं समग्र लेखन चरित्रासह इंग्रजीत निघालं. ते तयार करणारे तिघे त्याच परंपरेतले डॅनिश अभ्यासक होते, आणि ते छापलं त्याच्याच टेलिफोन कंपनीने. कर्मचाऱ्याच्या निधनानंतर जवळपास वीस वर्षांनी कंपनीने त्याचं लेखन जगापुढे ठेवावं, अशी उदाहरणं फार नाहीत. 1986 मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक नवी संगणकभाषा घडवायला सुरुवात झाली. तिलाही एर्लांगचंच नाव मिळालं. व्हॉट्सअॅपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले. सकाळी उठून ‘शुभ प्रभात’ची फुलं पाठवणाऱ्या घराघरातल्या काकू-मावशींचा निरोप त्या भाषेतल्या आज्ञांमधून जातो.

पुण्या-मुंबईच्या कॉल सेंटरांमध्ये कोणत्या पाळीला किती माणसं बसवायची ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी त्याचं सी-सूत्र असतं. तिथल्या मुलांना त्याचं नाव माहीत असतंच असं नाही. आणि त्यातही एक खोट राहते : सूत्राला जी सवड सोडायची असते, ती खर्चाच्या दबावाखाली शून्यापर्यंत घासत नेता येते. सूत्र ते सांगतं, पण थांबवत नाही. किती टक्के लोकांना किती थांबवायचं, हा आकडा माणसालाच भरावा लागतो.

तो आकडा कोणी भरायचा यावरून आपल्या देशात 2016 मध्ये मोठं भांडण झालं. सप्टेंबरात रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि जिओवरून दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांना लावलेले कॉल मोठ्या संख्येने तुटू लागले. दोन कंपन्यांची जाळी जिथे जुळतात त्या सांध्यांवर पुरेशा लाइनी मिळत नाहीत, अशी जिओची तक्रार होती. आमच्यावर अचानक आणि अवाजवी भार टाकला जातोय, असं जुन्या कंपन्यांचं म्हणणं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा नियम आधीपासून होता : या सांध्यांवर गर्दीमुळे तुटणाऱ्या कॉलांचं प्रमाण अर्ध्या टक्क्यावर जाता कामा नये, म्हणजे हजारात पाच. प्रत्यक्षातलं प्रमाण त्याच्या कितीतरी पट वर गेलेलं आढळलं. 21 ऑक्टोबर 2016 रोजी प्राधिकरणाने तीन जुन्या कंपन्यांना मिळून 3,050 कोटी रुपयांचा दंड करावा अशी शिफारस सरकारला केली. दर परिमंडळामागे 50 कोटी, असा त्याचा दर होता.

कंपन्यांनी ती शिफारस मान्य केली नाही आणि प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. पण कुणाच्या किती ग्राहकांमागे किती लाइनी लागतात याचा हिशेब दोन्ही बाजूंचे इंजिनिअर मांडत होते तो एर्लांगमध्येच. आणि हजारात पाच ही मर्यादा पाळायची तर किती लाइनी हव्यात, हे ज्या कोष्टकात पाहायचं, ते कोष्टक 1917 च्या त्या निबंधातल्या सूत्रावरून काढलेलं असतं.